दसऱ्याला ठोकलेलं बेरिंग

मी कोपऱ्यावर वळलो की आई चहाचं आधण ठेवायची. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला, त्यामुळे गाडी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ऐकू यायची. रिकामं जातं कुणीतरी भरभर फिरवावं तशी घरघर, आणि इंजिन बंद करताना शेवटी एक लांबलेलं किर्रर्र. २०२३च्या मे महिन्यापासून हे चाललं होतं. घरच्यांना सवय झाली होती, वॉचमन लांबूनच गेट उघडायचा, आणि माझं मात्र शाळेत पोचेपर्यंत डोकं भणभणायचं.

गाडी २००७ची, छोटी, पेट्रोलवरची. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत खेटे घालून पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण करून आणलं, पर्यावरण कर भरला, तेव्हाच घरात ठरलं होतं की यापुढे हिच्यावर पेट्रोल आणि ऑइल सोडून एक रुपया घालायचा नाही. ठराव बाबांनी मांडला आणि बाकीच्यांनी उचलून धरला.

पहिल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, एसीच्या पट्ट्यावर अंगठा दाबून बघितला, "सर, पट्टा ढिला हाय" म्हणाला आणि ताणून दिला. शंभर रुपये. पट्ट्याची चिरचिर थांबली, घरघर मात्र महिन्याभरात आणखी वाढली. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणला की त्याचा सगळा ओढा तो ज्या पुलीला फिरवतो तिच्यातल्या बेरिंगवर, म्हणजे दोन कड्या आणि त्यांच्यात पळणारे छर्रे असतात त्यावर, येतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मग एका मोठ्या एसी गॅरेजात गेलो. तिथल्या पोरानं दोन मिनिटं ऐकून निकाल दिला: कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, गेला. नवा कॉम्प्रेसर, ड्रायर, गॅस आणि मजुरी धरून एकवीस हजार. "तोवर एसी लावू नका, आवाज येणार नाही."

अडचण एवढीच की मी एसी लावतच नव्हतो. एसी बंद ठेवूनच गाडी घरघरत त्यांच्या दारात आली होती. हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तेच की. कॉम्प्रेसरच."

बाबांचा सल्ला जास्त सरळ होता. "पट्टा काढून फेकून दे. आमच्या वेळी कुठं होता एसी?" आमच्या गाडीत एसीचा पट्टा वेगळा आहे, त्यामुळे तो काढला तरी बाकी काही अडत नाही. म्हणजे सल्ला चुकीचा नव्हता. पण ऑक्टोबरचं ऊन आणि आईचा दमा या दोन्हींचा विचार करता एसी सोडून द्यायला मन तयार होईना. त्यात जे यंत्र बंदच आहे ते आवाज कसं करतं, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

उत्तर सोपं निघालं. कॉम्प्रेसरच्या तोंडावर पुली असते. तिला पट्टा फिरवतो, म्हणून इंजिन चालू असेपर्यंत ती फिरतच राहते, एसी लावा नाहीतर नका लावू. पण पुली कॉम्प्रेसरच्या दांड्याला जोडलेली नसते. दांडा जिथून बाहेर येतो तिथं कॉम्प्रेसरच्या अंगालाच नळीसारखी मान असते. त्या मानेवर बेरिंग, आणि बेरिंगवर पुली मोकळी फिरते. पुलीच्या पुढे एक पोलादी चकती असते, ती दांड्यावर पक्की. बटण दाबलं की पुलीमागच्या कॉइलमध्ये वीज जाते, कॉइलचा विद्युतचुंबक होतो, चकती टक्कन पुलीला चिकटते आणि मग कुठे दांडा फिरायला लागतो. एसी लावल्यावर बॉनेटखालून जो 'टक्' ऐकू येतो तो हाच. म्हणजे वर्षातून दोन महिने एसी लावणाऱ्याच्या गाडीतही हे बेरिंग बारा महिने राबतं. विद्युतचुंबकाचा धडा मी दरवर्षी शिकवतो, खिळ्याला तार गुंडाळून टाचण्या उचलून दाखवतो. गाडीत तोच खिळा बसलाय हे सोळा वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट गॅरेजात कुणी सांगितली नाही. चकती, पुली, बेरिंग, कॉइल हे सगळं दांड्याच्या सीलच्या बाहेर असतं. गॅस आत, हे बाहेर. म्हणजे बेरिंग बदलायला गॅस सोडावा लागत नाही, पाइप उघडावे लागत नाहीत, आणि जागा मिळत असेल तर कॉम्प्रेसर गाडीवरून उतरवावाही लागत नाही.

आधी खात्री करून घेतली. इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी शिंपडलं. पट्टा ओरडत असेल तर पाण्यानं आवाज क्षणभर तरी बदलतो. इथं काहीच फरक नाही. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरच्या मानेजवळच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. (बाही वर सारून, ओढणी-मफलर काही नसताना. फिरत्या पट्ट्याजवळ हे करायचं असेल तर तेवढं भान हवं.) कानात अक्षरशः खडी ओतल्यासारखं झालं. शेवटी पट्टाच उतरवला आणि इंजिन चालू केलं. शांत. इतकं शांत की मी पुन्हा किल्ली फिरवायला गेलो. पट्टा नसताना पुली हातानं फिरवली तर वाळूत बोट फिरवावं तशी खरखर, आणि कडेला धरून हलवली तर डुगडुग. याउलट पुढची चकती, म्हणजे कॉम्प्रेसरचा खरा दांडा, हातानं फिरवला तर एकसारखा, गुळगुळीत. कॉम्प्रेसर ठणठणीत होता. एकवीस हजारांचा निकाल तिथंच फिरला.

शनिवार, २१ ऑक्टोबर. सकाळची शाळा करून आलो, जेवलो आणि पार्किंगमध्ये उतरलो. मागच्या चाकांना दगड लावले, बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, पुढचं चाक उतरवलं. जॅकचा भरवसा नसतो, म्हणून उतरवलेलं चाक आणि स्टेपनी एकावर एक रचून गाडीच्या कडेखाली सरकवली. आतलं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की कॉम्प्रेसरचं तोंड अगदी समोर येतं.

चकतीच्या मधोमध एक बोल्ट, दहाच्या गोटीचा, म्हणजे सॉकेट पान्याचा. तो सोडवायला गेलं की चकती सोबत फिरते. दुकानात धरायचं वेगळं हत्यार मिळतं. मी जुना पट्टा चकतीभोवती गुंडाळून पकडीनं आवळला. बोल्ट सुटला. चकती दोन्हीकडून थोडी थोडी उचकटत ओढली तर दांड्याच्या खाचांवरून सरकत बाहेर आली, आणि तिच्या मागून काहीतरी इवलंसं चमकून खाली गेलं.

ते काय होतं हे मला माहीत होतं, म्हणून पोटात गोळा आला. चकती आणि पुली यांच्यात अगदी बारीक फट लागते, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ती फट दांड्यावरच्या पातळ वॉशरांनी जमवलेली असते. वॉशर हरवला तर चकती पुलीला घासत राहणार. भलताच जाड घातला तर कॉइल तापल्यावर चुंबकाला ती ओढवणार नाही आणि भर उन्हात एसी आपोआप बंद पडणार. दांड्यावर एक वॉशर शिल्लक होता, दुसरा गायब. मोबाइलचे टॉर्च घेऊन सोसायटीतली पाच पोरं कामाला लागली. वीस मिनिटं आम्ही फरशीचा कण न् कण तपासला. शेवटी दुसरीतल्या एका मुलीनं सांगितलं, "काका, तुमच्या चपलेला काहीतरी चिकटलंय." ग्रीसमध्ये माखून वॉशर माझ्याच टाचेखाली बसला होता.

पुढचं काम सरळ होतं. मानेवरची सर्क्लिप, म्हणजे पुलीला जागेवर अडवणारी स्प्रिंगसारखी कडी, काढताना वर फडकं धरलं, कारण ती उडाली तर पोरं पुन्हा कामाला लावावी लागली असती. तिची एक कड तिरपी असते आणि ती बाहेरच्या बाजूला येते. विसरायला नको म्हणून काढण्याआधी फोटो घेतला. पुली लाकडी ठोकळ्यानं चहूबाजूंनी हलकेच ठोकत बाहेर आली. कॉइल जागेवरच राहू दिली.

बेरिंगचं रबरी सील टाचणीनं उचकटलं आणि आतला माल बघितला. ग्रीस असं नव्हतंच. तपकिरी, कोरडी पूड. नाकाजवळ नेली तर गंजाचा वास. तेव्हा २०२१चा जुलै आठवला. आमच्या कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या आठवड्यात नदी ५५च्या वर गेली होती. नागाळा पार्कातल्या आमच्या पार्किंगमध्ये रात्रीत पाणी आलं, आणि पहाटे बघितलं तेव्हा गाडी अर्ध्या चाकापर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर इंजिन ऑइल बदललं, ब्रेक उघडून साफ केले, सीट उन्हात टाकल्या. सगळ्यात खाली बसलेल्या या पुलीकडे बघावं असं ना मला सुचलं ना मेकॅनिकला. सीलच्या ओठातून शिरलेलं पाणी दोन वर्षं आपलं काम करत राहिलं. त्यावर पट्टा ताणला गेला, मग काय.

बेरिंग पुलीत घट्ट बसवून, ते निसटू नये म्हणून वर कडेला चार ठिकाणी टोकदार पंच मारून धातू उचललेला होता. ते उंचवटे कानशीनं घासले, गच्चीवर दोन लाकडी ठोकळ्यांवर पुली मधल्या भागानं टेकवली आणि जुनं बेरिंग ठोकून काढलं. जे टाकूनच द्यायचंय त्याला कुठं लागलं याची पर्वा नव्हती. रात्री साडेनऊला ते कचऱ्याच्या डब्यात गेलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

त्याआधी संध्याकाळी शाहूपुरीत जाऊन नवं आणलं होतं. फोनवर दुकानदाराला सांगितलं, आतला व्यास ३५ मिलिमीटर. काउंटरवरच्या पोरानं ६००७ नंबरचं बेरिंग काढून ठेवलं. ते ३५ बोअरचंच, पण बाहेरून ६२ आणि जाडी १४. मला हवं होतं ३५ × ५५ × २०. शिवाय ६००७ मध्ये छऱ्यांची एकच ओळ असते, एसीच्या पुलीला दोन ओळींचं लागतं, कारण पट्टा आणि चकती दोन्हीकडून ती वाकवायला बघतात. नंबर आणि तिन्ही मापं सांगितली तेव्हा मालक स्वतः उठले आणि मागून खोकं घेऊन आले. पाचशे वीस रुपये.

सोमवारी सकाळी नवं बेरिंग आणि रिकामी पुली पिशवीत घालून शिवाजी उद्यमनगरला, लेथ आणि वर्कशॉपच्या वस्तीत, गेलो. तिथं एक लेथवाले आण्णा आहेत, आमच्या प्रयोगशाळेच्या स्टॅण्डचे दांडे त्यांच्याकडूनच करून घेतो. बेरिंग दाबून बसवायचं प्रेस त्यांच्याकडे आहे. दोन मिनिटांचं काम. पण गल्लीत शिरलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाजच नव्हता. उद्यमनगरात आवाज नसणं म्हणजे रंकाळा तलावात पाणी नसणं.

खंडेनवमी. मी पूर्ण विसरलो होतो. आण्णांच्या शेडमध्ये फरशी धुतलेली, लेथच्या चकला झेंडूचा हार, टूलपोस्टला हळदकुंकू, पाने आणि ड्रिल ओळीनं मांडून त्यावर एकेक फूल. प्रेसच्या दांड्यालाही हार. आण्णा धुतलेला शर्ट घालून खुर्चीवर बसले होते, मी त्यांना ऑइलच्या डागांशिवाय पहिल्यांदाच बघत होतो.

"या सर, बसा. परसाद घ्या."

पिशवी दाखवली. त्यांनी आत डोकावून बघितलं आणि हात मागे घेतला. "आज हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या दसरा. परवा या, उभ्या उभ्या करून देतो."

परवापर्यंत थांबायला हवं होतं. पण घरी आलो तर बायको गॅलरीतून खाली बघत उभी. "अहो, उद्या दसरा. सगळ्यांच्या गाड्यांना हार घालणार, आणि आपली अशी तंगडी वर करून उभी राहणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण विज्ञान होतं. पोलाद थंड केलं की आकसतं. ५५ मिलिमीटरचं बेरिंग खोलीच्या तापमानातून फ्रीजरच्या उणे १८ अंशांवर नेलं तर बाहेरचा व्यास साधारण ०.०३ मिलिमीटरनं कमी होतो. कागदावर गुणाकार करून बघितला. एवढं पुरायला हवं. बेरिंग प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून फ्रीजरमध्ये मटारशेजारी ठेवलं, पुली गच्चीवरच्या उन्हात. चार तासांनी बेरिंग पुलीवर ठेवलं तर जवळपास स्वतःहून आत गेलं, दोनतृतीयांश. माझ्या तोंडून शीळ आली. आणि तिथंच ते अडकलं. पुलीची ऊब लागून ते पुन्हा फुगलं, आता ना आत ना बाहेर.

घरात सगळ्यात मोठी गोटी होती ती बेरिंगच्या आतल्या कडीवर नेमकी बसत होती. बाहेरच्या कडीएवढी मोठी गोटी नव्हती. हातोडी घेतली. सात-आठ ठोके. प्रत्येक ठोक्याला बेरिंग थोडं थोडं आत जात होतं आणि मी खूश होतो. तळ लागला तसा ठोक्याचा आवाज बदलला, भरीव झाला. कडेला पंच मारले, जुने डाग सोडून मधल्या जागांवर. अंधार पडायच्या आत सगळं उलट क्रमानं चढवलं, वॉशर दोन्ही मोजून घातले, पट्टा यावेळी अंगठ्यानं दाबून सेंटिमीटरभर खाली जाईल एवढाच ताणला. इंजिन चालू केलं. आवाज नाही. एसी लावला. टक्. थंड हवा. बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं: 'एसी बेरिंग बदलले, २३-१०-२३'.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार, चारी चाकांखाली लिंबं. बुधवारी शाळेतून आलो, दार उघडलं तर आई दचकली. "कधी आलास?" चहा ठेवलेला नव्हता. त्या दिवशी मी स्वतः चहा केला, आणि तो मला भलताच गोड लागला.

सुख दोन आठवडे टिकलं. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी घरी आलो तर टेबलावर चहा तयार, वर झाकणी ठेवलेली. मी काही बोललो नाही. आईही बोलली नाही, पण तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्यावरून कळलं. खाली जाऊन इंजिन चालू केलं. घरघर नव्हती. वेगळाच आवाज होता, बारीक, लयीतला, दूरवर कुणीतरी शिवणयंत्र चालवावं तसा.

भाऊबीजेला बहिणीकडे कणकवलीला जायचं होतं, गेलो. राधानगरी, दाजीपूर आणि पुढे फोंडा घाट. घाटात एका बाजूला दरडीची भिंत असते. ती गाडीचा आवाज जसाच्या तसा परत फेकते. उतारावर इंजिनाचे फेरे वाढले की शिवणयंत्राची शिट्टी व्हायची. मागच्या सीटवर बाबा डोळे मिटून बसले होते. फोंड्याला पोचल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि एवढंच म्हणाले, "पट्टा."

परत आल्यावर पुन्हा चाक काढलं, पुन्हा चकती, पुन्हा सर्क्लिप. यावेळी पंचवीस मिनिटांत पुली हातात. ती आणि आणखी एक नवं बेरिंग, आणखी पाचशे वीस रुपये देऊन, आण्णांकडे. प्रेसवरचा हार सुकून तसाच होता. आण्णांनी पुली हातात घेऊन बेरिंग कानाजवळ फिरवलं.

"कुठं ठोकलं सर?"

"म्हणजे?"

"बाहेरच्या रिंगवर का आतल्या?"

"आतल्या."

"मग मेलं की ते."

त्यांनी बेरिंग प्रेसनं काढलं, आतली कडी ग्राइंडरनं चिरली, छर्रे पत्र्यावर सांडले. कडीचा तुकडा रॉकेलमध्ये धुऊन मला उजेडात धरायला सांगितला. छर्रे ज्या पट्टीवर पळतात ती आरशासारखी असायला हवी. तिच्यावर ठरावीक अंतरावर बारीक बारीक खळगे होते, पावसाच्या पहिल्या थेंबांनी धुळीत पडतात तसे. मोजले तर जितके छर्रे तितकेच खळगे. माझे ठोके आतल्या कडीवर पडले, पण अडली होती ती बाहेरची. म्हणजे प्रत्येक ठोका एका कडीतून छऱ्यात आणि छऱ्यातून दुसऱ्या कडीत गेला. छर्रा टेकतो तो सुईच्या अग्राएवढ्या जागेवर. बल भागिले क्षेत्रफळ. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल.

"जी रिंग घट्ट जातीय तिलाच दाब द्यायचा," आण्णा म्हणाले. "पुलीत बसवताना बाहेरची. मग पुली मानेवर चढवताना आतली. एवढंच हाय."

मी म्हटलं, बाहेरच्या कडीच्या मापाची गोटी माझ्याकडे नव्हती, मी काय करणार?

"जुनं बेरिंग कुठाय?"

"टाकलं."

आण्णा माझ्याकडे बघत राहिले. मास्तर नापास झाल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं असावं. "तेच तर हत्यार सर. त्येची बाहेरची रिंग नव्याच्या रिंगवर बरोबर बसती. जरा घासून बारीक करायची, म्हणजे मागं अडकत न्हाई. ठोकलं तरी चालतंय मग."

कचऱ्याच्या डब्याबद्दल मी काय म्हटलं होतं, आठवतंय ना.

माझ्या खराब केलेल्या बेरिंगची बाहेरची कडी त्यांनी ग्राइंडरवर जराशी घासली, नव्या बेरिंगवर ठेवली आणि प्रेसचा दांडा हळूच ओढला. हातोडी नाही, फ्रीजर नाही. एक कोरडी कुरकुर, आणि बेरिंग तळाला. चार पंच. "शंभर द्या. आणि ही रिंग माझ्याकडं ऱ्हाऊ दे. तुमच्यासारखे येत असतात."

घरी पुली मानेवर चढवताना आतल्या कडीवर तीच गोटी ठेवली जिनं आधी घोळ घातला होता. यावेळी तिची जागा बरोबर होती. यावेळी आळस न करता फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, चकती आणि पुलीतली फट तीन ठिकाणी मोजली: ०.४५, ०.५, ०.५ मिलिमीटर. चालण्यासारखी. मग इंजिन चालू ठेवून एसी वीसेक वेळा चालू-बंद केला, म्हणजे चकती आणि पुलीची तोंडं एकमेकींवर नीट बसतात. शेजारचे काका वरून ओरडले, बटण खराब आहे का?

सगळा हिशेब मांडला तर दोन बेरिंगं, प्रेस, सर्क्लिप पक्कड आणि फिलर गेज मिळून दोन हजारांच्या आत. त्यातले पाचशे वीस माझ्या ठोक्यांचे.

कडीचा चिरलेला तुकडा मी शाळेत ठेवलाय, भिंगासकट. नववीतल्या पोरांना दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, हे कुणी केलं?" आणि आईला आता मी कोपऱ्यावरून फोन करतो.

बॉनेटच्या आत मार्करच्या आता दोन ओळी आहेत. वरची २३-१०-२३ची. खाली, थोड्या लहान अक्षरांत: 'पुन्हा. १९-११-२३. ३५ × ५५ × २०. बाहेरच्या कडीवर.'